‘स्टेट’ म्हणजे महाराष्ट्र नव्हे

शिकवणाऱ्याच्या घरात दोन गोष्टी न मागता साठत जातात. संपलेल्या लाल रिफिली आणि किस्से. रिफिली दिवाळीच्या साफसफाईत टाकून देता येतात. किस्से टाकता येत नाहीत. ते कुठल्या कोपऱ्यात पडलेत हे आपल्यालाही माहीत नसतं. मग एखाद्या लग्नात, नाहीतर सांगलीच्या एसटीत, कुणीतरी विचारतं, "मॅडम, चालू आहे का हो अजून तुमचा तो प्रश्नांचा क्लास?" आणि एकाचा हात धरून दुसरा असे सगळे बाहेर येतात!

‘प्रश्नांचा क्लास’ हे नाव लोकांनीच ठेवलेलं. मी तासगावातल्या एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. संध्याकाळी माझ्याकडे नर्सिंगच्या मुली येतात. बहुतेक सगळ्या मराठी शाळांतून आलेल्या. नर्सिंगची पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. हाडांची, औषधांची, आजारांची इंग्रजी नावं त्यांना मुखोद्गत असतात. अडतं ते प्रश्नाच्या पहिल्या शब्दावर. स्टेट, जस्टिफाय, डिस्कस, एनलिस्ट. हे शब्द कुठल्याच धड्यात नसतात आणि प्रत्येक पेपरात असतात.

म्हणून मी पहिल्या दिवशीच सांगते, "उत्तरं तुमच्या कॉलेजात शिकवतात. मी फक्त प्रश्न शिकवते."

क्लास भरतो माझ्या भावाच्या बेदाण्याच्या पॅकिंगच्या खोलीत. हंगाम संपला की ती रिकामी असते. बसायला प्लॅस्टिकचे क्रेट, भिंतीला एक फळा, आणि बेदाण्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीचा वास, जो बाराही महिने जात नाही. नव्या मुली सुरुवातीला नुसत्या शिंकत असतात. शिंका थांबल्या की शिकणं सुरू झालं असं समजायचं!

शेवटच्या क्रेटवर आमचे हे बसत. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आधी मला न्यायला क्लास सुटायच्या वेळी यायचे. मग थोडे लवकर यायला लागले. मग माझ्याही आधी जाऊन क्रेट मांडून ठेवायला लागले. मुली त्यांना सुभेदारसाहेब म्हणत, म्हणून इथं मीही सुभेदारच म्हणते.

*

पहिला किस्सा जयश्रीचा. जयश्री जत तालुक्यातली, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावातली. घरी अर्धं कन्नड, अर्धं मराठी. अक्षर मोत्यासारखं.

मी सराव पेपर दिला होता. प्रश्न होता, स्टेट टू कॉजेस ऑफ अॅनिमिया. म्हणजे रक्त कमी होण्याची दोन कारणं सांगा.

जयश्रीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

एक, महाराष्ट्र. दोन, कर्नाटक.

मी विचारलं, "जयश्री, हे काय गं?"

"दोन स्टेट मागितली होती की मॅडम. मला दोन्ही जवळची!"

खोलीत हशा पिकला. मी हसू दाबून चूक समजावायला खडू उचलला, तेवढ्यात मागून सुभेदारांचा आवाज आला.

"मार्क कापू नका मॅडम. हद्दीवरच्या गावात रक्त कमी असायची कारणं हीच दोन!"

*

सुभेदारांचं इंग्रजी माझ्यासारखं पुस्तकातलं नव्हतं. ते परेड ग्राउंडवरचं, नकाशावरचं, रेडिओ सेटवरचं. त्यांना व्याकरण विचारलं की ते पाण्याची बाटली शोधू लागत. पण एकदा त्यांचीच विकेट पडली.

मी फळ्यावर लिहिलं होतं, एनलिस्ट द सिम्प्टम्स ऑफ मलेरिया. नर्सिंगच्या पेपरात हा शब्द फार. लक्षणांची यादी करा, एवढाच अर्थ.

सुभेदार ताडकन म्हणाले, "चूक आहे हे! एनलिस्ट म्हणजे भरती होणं. मी स्वतः झालोय. मलेरियाला कोण भरती करून घेईल? मेडिकलमध्येच अनफिट!"

मुली हसून हसून क्रेटवरून घसरल्या. सुभेदार मात्र फळ्याकडे बघतच राहिले. मग उठून पुढे आले. टेबलावरचा जुना पेपर उचलला, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचला.

"मॅडम, ह्याला प्रश्नपत्रिका कोण म्हणालं?"

"का?"

"ह्यात प्रश्न कुठं आहेत? एक तरी प्रश्नचिन्ह दाखवा. स्टेट. डिफाइन. एक्सप्लेन. लिस्ट. हे सगळे हुकूम आहेत!"

मी पेपर हातात घेऊन पाहिला. इतकी वर्षं शिकवत होते. खरंच प्रश्नचिन्ह नव्हतं!

त्या दिवसापासून क्लासचा रंगच बदलला. मी शब्दाचा अर्थ सांगायचा आणि सुभेदारांनी त्याचा हुकूम करायचा. स्टेट म्हणजे नाव-नंबर सांग, पुढे तोंड उघडू नको. लिस्ट म्हणजे सगळ्यांना एका रांगेत फॉलइन कर. डिफाइन म्हणजे कुंपण घाल, आतला बाहेर जाता कामा नये आणि बाहेरचा आत येता कामा नये. एक्सप्लेन म्हणजे आजच भरती झालेल्या पोराला कळेल असं सांग.

माझ्या व्याख्या मुली वहीत उतरवत. त्यांच्या व्याख्या पाठ होत!

*

शबाना तासगावचीच. वडिलांचं गाद्यांचं दुकान. मुलगी तोंडानं फटाकडी. दहावीच्या सुट्टीत तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि त्याचा तिला भारी अभिमान.

एका पेपरात प्रश्न आला. एक विधान दिलं होतं आणि खाली लिहिलं होतं, जस्टिफाय. म्हणजे हे बरोबर का, ते कारण देऊन पटवून द्या.

शबानाचं उत्तर पाहून मी चष्मा पुसला. प्रत्येक ओळ डावीकडून एका रेषेत सुरू आणि उजवीकडे एका रेषेत संपलेली. त्यासाठी कुठे शब्द ताणलेले, कुठे दाबून बसवलेले. छापील पुस्तक वाटावं. कारण मात्र कुठंच नव्हतं. तेच विधान फिरवून फिरवून पानभर लिहिलेलं.

"शबाना, हे असं का लिहिलंयस?"

"जस्टिफाय केलंय मॅडम! कॉम्प्युटरवर कंट्रोल-जे दाबलं की होतं. इथं हातानं करायला लय वेळ गेला!"

सुभेदारांनी पान उभं-आडवं धरून बघितलं. म्हणाले, "दोन्ही बाजूंनी एकदम सरळ. फक्त मधे माल नाही."

*

जयश्रीचं आणखी एक सांगते. पेपरात दोन ग्रंथींची नावं देऊन त्यांतून येणारी हार्मोन्स लिहा म्हटलं होतं, आणि शेवटी शब्द होता ‘रिस्पेक्टिव्हली’. अनुक्रमे, म्हणजे ज्याचं त्याला.

जयश्रीनं लिहिलं, रिस्पेक्टेड इन्सुलिन, रिस्पेक्टेड थायरॉक्सिन.

मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "अय्यो मॅडम, एवढं पेपरातच सांगितलंय, तर मान द्यायला आपलं काय जातंय?"

"बरोबर," सुभेदार म्हणाले. "पण रिस्पेक्टिव्हली म्हणजे ज्याची रायफल त्याच्याच खांद्यावर. मान नंतर."

जयश्री आता मिरजेला एका दवाखान्यात आहे. मधे भेटली तेव्हा तिनं डायबेटिसच्या एका आजोबांना इंजेक्शन देताना काय म्हटलं ते सांगत होती.

"आजोबा, हात पुढं करा. रिस्पेक्टेड इन्सुलिन आलेत!"

*

आता रूपाली. तिच्याशिवाय हे किस्से पुरे होत नाहीत.

रूपाली माण तालुक्यातली, दहिवडीच्या पुढची. घरी मेंढरं. अंगानं किरकोळ, बोलणं कमी. वॉर्डात मात्र अशी, की रडणारं मूल तिच्या हातात दिलं की गप्प होई. कॉलेजातल्या शिक्षिका मला स्वतः म्हणाल्या होत्या, "हिच्यासारखे हात आम्ही थोडे पाहिलेत."

आणि ही मुलगी मेडिकल-सर्जिकलच्या पेपरात नापास झालेली. एकदा नव्हे, दोनदा. तिसरी खेप शेवटची. त्यात गेली तर कॉलेजातून नाव कमी होणार होतं.

मी तिला दुसऱ्या वेळचा पेपर आठवून सांगायला लावला. सगळ्यात जास्त मार्कांचा प्रश्न भाजलेल्या रुग्णाच्या शुश्रूषेवर होता. सगळं लिहा, एक्सेप्ट फर्स्ट एड. म्हणजे प्रथमोपचार सोडून बाकी सगळं.

"मग तू काय लिहिलंस?"

"फर्स्ट एड, मॅडम."

"नुसतं फर्स्ट एड?"

"व्हय. चार पानं. मोबाइलवर येतंय की, फ्रेंड रिक्वेस्ट अॅक्सेप्ट करा म्हणून. मला वाटलं, फर्स्ट एड अॅक्सेप्ट करा म्हणत्यात. म्हणून मी बाकीचं समदं सोडलं."

कुणी हसलं नाही. एका शब्दावरून मुलीचं वर्ष गेलं होतं.

रूपाली खाली बघत म्हणाली, "मॅडम, मला येत न्हाई असं न्हाई. मला इचारल्यालं कळंना."

सुभेदार उठले. त्यांनी मुलींना उभं केलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. "ड्रेसिंग?" "हजर साहेब!" "सलाइन?" "हजर साहेब!" "आहार?" "हजर!" मग रूपालीकडे बोट करून म्हणाले, "फर्स्ट एड?" ती "हजर" म्हणणार तोच त्यांनी हात वर केला.

"तू बोलायचं नाही! तू रजेवर आहेस. एक्सेप्ट म्हणजे सगळी पलटण हजर, एवढा एक गडी रजेवर!"

रूपाली पहिल्यांदा हसली. आणि मग इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं.

*

एकदा तिचे वडील आले. दहिवडीहून दोन एसट्या बदलून. क्रेट पुढं केला तर त्यावर बसेनात. "फळाची वस्तू हाय, बुड कसं टेकवू?" म्हणून उंबऱ्यावर बसले.

मुलगी काय शिकते ते त्यांना बघायचं होतं. रूपालीनं जुना पेपर काढून पहिली ओळ मोठ्यानं वाचली, "अटेम्प्ट एनी फाईव्ह." पाच प्रश्न सोडवा, एवढंच.

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. "अटेम्प्ट म्हंजी? आमच्या पाटलाच्या पोराचं पोलीस भरतीचं तीन अटेम्प्ट झालं, त्योच का?"

"शब्द तोच," मी म्हटलं.

"आवं बाई, मग ह्यांनी तर पेपरावरच छापलंय, पाच अटेम्प्ट घ्या म्हणून! हिचं तर दोनच झाल्यात. मग शेवटचा, शेवटचा काय लावलंय?"

मुली तोंडावर ओढण्या दाबून हसत होत्या. सुभेदार गंभीरपणे म्हणाले, "पाव्हणं, कोर्टात जाऊ. केस मजबूत आहे!"

तेही हसले. मग हसू विरलं, आणि त्यांनी हळूच विचारलं, "ह्या खेपंला न्हाई झाली, तर काढून टाकत्याली व्हय?"

मी मान हलवली. खोटं सांगायचं कशाला.

थोडा वेळ ते उंबऱ्याच्या रंगाचा पोपडा नखानं काढत राहिले. मग म्हणाले, "गावात मी सांगून बसलोय, पोरगी नर्स झाली. झाली म्हणून सांगितलंय बाई. व्हनार म्हणून न्हाई."

*

त्यानंतर रूपालीनं जी मान खाली घातली, ती वर केली नाही. रोज सगळ्यांच्या आधी यायची. भाजीच्या पिशवीवर छापलेलं इंग्रजी वाचायची, औषधाच्या खोक्यावरचं वाचायची, एसटीतल्या पाट्या वाचायची. एका संध्याकाळी येऊन म्हणाली, "मॅडम, सिमेंटच्या पोत्यावर ‘स्टोअर’ लिवलंय, म्हंजी साठवून ठेवा. त्योबी हुकूमच हाय!"

मला माझ्या नोकरीत इतका आनंद क्वचित झाला असेल.

पण किस्सा त्याच दिवसांतला, तिच्या कॉलेजमधला. रूपाली पुन्हा परीक्षा देणारी, म्हणून ती तिच्यानंतर एका वर्षानं आलेल्या मुलींत बसायची. त्यांत शबाना. दोघींचे बाक शेजारी. चाचणी चालू होती आणि दोघी चक्क एकमेकींकडे तोंड करून बोलत होत्या. शिक्षिका धावत आल्या.

"काय चाललंय?"

शबाना उठून म्हणाली, "डिस्कशन, मॅडम."

"परीक्षेत?"

"पेपरातच लिहिलंय की! डिस्कस द केअर ऑफ अ पेशंट इन प्लास्टर. चर्चा करा म्हणून. एकटीनं चर्चा कशी करायची?"

बाईंनी पेपर उलटून पाहिला. त्यांनी रूपालीकडे बघितलं. "आणि तुझं काय?"

शबानाच म्हणाली, "तिला माझा मुद्दा पटत न्हाई, मॅडम! ती म्हणती, डिस्कस म्हणजे सगळ्या बाजूंनी लिहायचं आणि तोंड बंद ठेवायचं!"

*

हे शब्द आमच्या घरातही शिरले होते. मी भाजी वाढून विचारायची, "कशी झालीय?"

सुभेदार घास हातात धरून विचारायचे, "काय करू? डिस्क्राइब, का जस्टिफाय?"

"नुसतं स्टेट करा."

"खारट."

*

त्याच वर्षी हिवाळ्यात सुभेदार गेले. सकाळी फिरून आले, बुटाची एक नाडी सोडली, आणि खुर्चीतच मान टेकली. ह्यावर माझ्याकडे किस्सा नाही.

क्लास बंद झाला. मी तो बंद केला असंही नाही. संध्याकाळ व्हायची आणि मी घरातून निघत नसे, इतकंच. भेटायला येणारे येत होते. काय बोलायचं हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे तेच बोलत होते.

एके दिवशी रूपाली आणि शबाना आल्या. दारातच उभ्या राहिल्या. मी पाणी दिलं. दोघी प्यायल्या.

शेवटी रूपाली म्हणाली, "मॅडम, आमाला काय बोलायचं त्ये कळंना. म्हणून पेपर घेऊन आलो."

आणि तिनं पिशवीतून खरंच पेपर काढला.

आम्ही चटईवर बसलो. एका प्रश्नाच्या सुरुवातीला शब्द होता ‘आउटलाइन’. मी अर्थ सांगितला. ठळक मुद्दे तेवढे द्यायचे, तपशील नाही. सांगून झाल्यावर सवयीनं मी दाराजवळच्या त्यांच्या खुर्चीकडे बघितलं.

दोघींनीही बघितलं.

मग शबाना ताठ बसली, गळा खाकरला आणि जाड आवाज काढून म्हणाली, "आउटलाइन म्हणजे नकाशावर हद्द दाखवायची. आत कोण राहतं, काय शिजवतं, ते सांगायचं नाही!"

थोड्या वेळानं तिनं हळू आवाजात विचारलं, "साहेब असंच म्हणाले असते ना, मॅडम?"

अगदी असंच म्हणाले असते. दुसऱ्या दिवसापासून मी क्लासला जायला लागले.

*

आता शेवटचा. हा मी सगळीकडे सांगते. रूपालीसमोर सांगत नाही, कारण ती उठून जाते.

निकाल आधीच सांगून टाकते. ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवणं मला जमत नाही. रूपाली पास झाली. साताऱ्याला एका दवाखान्यात लागली. निकालाच्या दिवशी तिच्या वडिलांनी कुणाच्या तरी मोबाइलवरून मला फोन केला. "बाई, मी खोटं बोललो न्हवतो!" एवढंच बोलले आणि फोन ठेवला. पण मी लोकांना सांगते ते त्या परीक्षेच्या हॉलमधलं.

मी तिथं नव्हते. रूपालीनं मला अक्षरही सांगितलं नाही. सांगितलं ते शबानानं, कारण तीही तोच पेपर पहिल्यांदा देत होती, रूपालीच्या मागच्या बाकावर बसून.

परीक्षा सांगलीच्या एका केंद्रावर होती. पेपरातला तिसरा प्रश्न असा, डिफरन्शिएट बिटवीन हायपरटेन्शन अँड हाय ब्लड प्रेशर. दोन्हींतला फरक लिहा.

आता, हायपरटेन्शन म्हणजेच हाय ब्लड प्रेशर. एकाच दुखण्याची दोन नावं. उच्च रक्तदाब आणि उच्च रक्तदाब यांतला फरक सांगा, असा तो प्रश्न झाला! कुठंतरी ‘हायपो’ म्हणजे कमी, असं छापायचं राहून ‘हायपर’ छापलं गेलं होतं.

हॉलमध्ये सगळ्या मुली मान खाली घालून फरक लिहीत होत्या. पेपरात विचारलंय म्हणजे फरक असणारच! शबानाही.

"तू काय लिहिलंस गं?" मी विचारलं.

"लिहिलं, हायपरटेन्शन शहरात होतं आणि हाय बीपी खेड्यात. हायपरटेन्शन साहेब लोकांना होतं, हाय बीपी त्यांच्या शिपायाला. हायपरटेन्शनला स्पेशालिस्ट लागतो, हाय बीपीला आळणी जेवण. सहा मुद्दे काढले, मॅडम! सातवा येत होता, तेवढ्यात रूपालीनं घोळ घातला. मागनं दुरुस्ती आली, फळ्यावर ‘हायपो’ लिहिलं, आणि माझे सहाच्या सहा मुद्दे खोडावे लागले!"

पण दुरुस्ती येण्याच्या आधी जे झालं, ते शबाना नक्कल करून दाखवते.

पुढच्या बाकावर रूपालीचा पेन थांबला. शबानानं ते पाहिलं. तिला वाटलं, गेली! आजही हिला प्रश्न कळेना. आजचा तर शेवटचा.

मग रूपाली उठली.

सुपरवायझर दुसऱ्या गावाहून आलेले एक सर होते. मोठा आवाज, जाड मिशा. "काय पाहिजे? सप्लिमेंट?"

"न्हाई, सर. तिसरा प्रश्न चुकलाय."

सगळा हॉल वर बघायला लागला.

"प्रश्न चुकत नसतो," सर म्हणाले. "खाली बसा."

"सर, दोन्ही एकच हाय. त्यात फरक न्हाई. एका जागी हायपो पायजे व्हतं."

सर तिच्या बाकाशी आले. तिचं हॉल तिकीट उचललं, वर-खाली बघितलं. त्यांना कळलं, ही पुन्हा परीक्षा देणारी.

"रिपीटर आहात. किती वेळा बसलाय ह्या पेपरला?"

"दोनदा, सर."

"मग आज का उभ्या राहिलात?"

रूपाली म्हणाली, "प्रश्न कळत न्हवता तवर बसले, सर. आज कळला, म्हणून उभी राहिले."